तरुणांचा शरीरभार आणि मनाची प्रसन्नता : चिकित्सकीय विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिन्दितीय' या २१ व्या अध्यायात स्थौल्याच्या हेतूंमध्ये अव्यायाम व दिवास्वप्न यांबरोबरच 'हर्षनित्यत्व' आणि 'अचिन्तन' यांचा निर्देश आहे. कार्श्याच्या हेतूंत शोक, क्रोध व निद्रानिग्रह यांची गणना होते. यावरून 'स्थूल तो सुखी, कृश तो दुःखी' असा सोपा समज रूढ झाला आहे. १९७६ साली क्रिस्प व मॅकगिनेस यांनाही इंग्लंडमधील स्थूल पुरुषांत नैराश्य कमी आढळले होते.

तथापि २०१० साली लुप्पिनो व सहकाऱ्यांनी १५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना पुढे स्थौल्य येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे हा संबंध दुहेरी आहे. खिन्न मनाने कोणी अन्न टाकतो, तर कोणी अवेळी गोड व तळलेले खात राहतो. म्हणून 'हर्षनित्यत्व' याचा अर्थ श्रमरहित सुखासीनता असा घेणे अधिक युक्त वाटते; मनःप्रसाद त्याहून वेगळा.

नागपुरात स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहणारे विद्यार्थी व मिहानमध्ये रात्रपाळी करणारे तरुण यांच्याबाबत हा भेद महत्त्वाचा ठरतो. स्थौल्यचिकित्सेत चरकाचार्यांनी जागरण, व्यायाम व चिन्तन क्रमाने वाढविण्यास सांगितले आहे. परंतु जो रुग्ण आधीच रात्रभर जागा व चिंतेने ग्रस्त आहे, त्याला हाच उपक्रम दिल्यास अपाय होईल. त्याच्यासाठी प्रथम निद्रा व मनाची शांती, ही कार्श्यचिकित्सेतील अंगे योजावीत. गुरु व अपतर्पण आहार आणि झेपेल तेवढा व्यायाम त्यासोबत चालवावा.

प्रत्येक तरुण रुग्णाचे वजन घेताना झोप, भूक, कामातील रस व जगण्याविषयीची निराशा यांबद्दल विचारावे. भारतीयांत बीएमआय २३ पासून अतिभार व २५ पासून स्थौल्य मानतात. थायरॉईडची तपासणी करावी. काही मानसरोगांवरील औषधांनीही वजन वाढते. ती परस्पर बंद करू नयेत.

औषधालयचालक बंधूंनी वजन वाढविण्याच्या नावाखाली सायप्रोहेप्टाडीन वा डेक्सामिथासोन चिठ्ठीशिवाय देऊ नये. मेदोहर गुग्गुळ वारंवार मागणाऱ्या तरुणास वैद्याकडे पाठवावे. आत्मघाताचा विचार बोलून दाखविणाऱ्यास एकटे न सोडता तत्काळ मानसरोगतज्ज्ञांकडे न्यावे. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

वजनकाटा केवळ शरीराचा भार सांगतो. मनाचा भार वैद्यानेच विचारून जाणावयाचा असतो.