समुद्र आधी कुणाला दिसणार?

मित्रांनो, काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेल्या सायकलस्वारांची खरी परीक्षा कुठे होते? घाटात? उन्हात? छे! कधीकधी अगदी शेवटी!

तिरुनेलवेली मागे पडलं, की उरतात सुमारे ८५ किलोमीटर. मग ज्याला त्याला पुढे जायची घाई! पण वाटेत मुप्पंदलच्या आसपास पवनचक्क्यांचं रानच दिसतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा इथल्या खिंडीतून सुसाट येतो. दक्षिणेला निघालेल्या सायकलवाल्याला तो उजवीकडून ढकलतो, म्हणून सायकलवाला नकळत उजवीकडे कलतो. इतक्यात ट्रक बाजूने पुढे जातो, वारा क्षणभर अडतो आणि सायकल ट्रकच्याच दिशेने झोकांडी खाते!

म्हणून इथे शर्यत नको. एकामागे एक, मध्ये अंतर राखून, रस्त्याच्या डाव्या कडेने चला. मागून ट्रक दिसला, की शेवटच्याने शिट्टी वाजवावी. बाकीच्यांनी हँडल घट्ट धरून वेग कमी करावा. जो सगळ्यांत जास्त दमलाय, त्याच्या वेगाने सगळ्यांनी जायचं. वारा फारच वाढला तर सरळ उतरा, सायकल हातात धरून चाला. त्यात कसला आलाय कमीपणा?

समुद्र तासभर उशिरा दिसला म्हणून काय बिघडलं? तो कुठे पळून जातोय! घरी आईबाबा वाट पाहताहेत, ते सगळ्यांची.