विहारासाठी स्पीकर घेताना

वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. मागच्या रांगेतल्या कित्येक वृद्ध उपासिकांना अक्षरओळख नाही. बाबासाहेबांचा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचायचा तो कानावाटेच. म्हणून वर्गणीतून बिनतारी स्पीकर घ्यायचा तर तो आधी वाचनासाठी पारखावा. भीमगीते त्यावर वाजतीलच.

दुकानदार नेमके उलटे करतो. तो ठेक्याचे गाणे लावतो, छातीत धडधड होते आणि मंडळी पैसे मोजून मोकळी! पण माणसाचे बोलणे कळते ते स, श, त, क अशा व्यंजनांवरून, आणि त्यांचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला असतो. खर्ज वाजवीपेक्षा जास्त झाला की तो झाकला जातो. मग आवाज मोठा, पण वाचक ‘सुख’ म्हणाला की ‘दुःख’, याचा पत्ता नाही.

त्यासाठी आपल्याच वाचकाचे दोन पाने वाचन मोबाइलवर भरून न्यावे. एकाने स्पीकरजवळ थांबावे, दुसऱ्याने पंधरा-वीस पावले मागे जाऊन पाठ करून ऐकावे. शब्दन्‌शब्द कळला तरच पुढची बोलणी.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. पीएमपीओचा आकडा फुगवलेला असतो, आरएमएस किती ते विचारावे. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तीनच डेसिबल. कानाला तो थोडासाच जाणवतो.

माईकची जाडी पिन बसते का, हे अवश्य पाहावे. मोबाइललाच माईक करा, असे सांगतात. पण ब्लूटूथवरून आवाज क्षणभर उशिरा येतो. स्वतःचेच वाक्य मागाहून कानी पडले की चांगला वाचकही अडखळतो.

चार्जिंगचे छापलेले तास मध्यम आवाजाचे असतात. पूर्ण आवाजावर बॅटरी त्याआधीच उतरते. विहार पत्र्याचा असेल तर पावसाच्या माऱ्यात वाचन बुडते. तेव्हा आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर टेबलावर, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीला ठेवून श्रोत्यांना जवळ बसवावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तीही सांभाळावी.

पक्के बिल विहाराच्या नावे घ्यावे, कार्यकर्त्याच्या नव्हे. बिल आणि वॉरंटी कार्ड जमाखर्चाच्या वहीला टाचून ठेवावे. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली तरी कागद हाताशी राहतात.