पाइपभोवतीची टाइल कशी कापावी?

बाथरूमच्या मोकळ्या जागेत टाइल्स भराभर बसतात. काम अडतं ते पाइपपाशी. तिथे भोक वेडंवाकडं झालं, की पांढरं सिमेंट भरून वेळ मारून नेली जाते. नीट मापं घेतली आणि घाई केली नाही, तर ही टाइल आपल्यालाही स्वच्छ कापता येते.

आधी टाइल ओळखा. तिच्या पाठीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच मुरला तर ती सिरॅमिक, म्हणजे भाजलेल्या मातीची, तुलनेनं मऊ. तसाच राहिला तर ती व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट आणि कापायला कठीण. अशा टाइलला हिऱ्याची भुकटी बसवलेलंच पातं लागतं.

मग पाइपचा बाहेरचा व्यास मोजा. इथे नावावर जाऊ नका. ‘चार इंची’ म्हणून मिळणारा सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मिमी भरतो, तर ‘अर्धा इंची’ सीपीव्हीसी पाइप सुमारे १६ मिमी. भोक सगळीकडून एक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी, मोठं ठेवा. पाइप गरम पाण्यानं किंचित फुगतो, हलतो. टाइल त्याला टेकलेली असली तर तडकते.

आता खुणा. शेजारच्या टाइल्स आधी बसवून घ्या. नवी टाइल तिच्या ओळीतच, पण पाइपच्या अलीकडे ठेवा आणि पाइपच्या डाव्या-उजव्या कडा तिच्यावर खुणवा. मग ती पाइपच्या बाजूला सरकवून पुढच्या-मागच्या कडा खुणवा. गुण्या लावून रेषा वाढवल्या, की मधल्या चौकोनात पाइपची जागा मिळते.

सर्वाधिक चुका इथेच होतात. दोन टाइल्समधल्या सांध्याची जागा धरायची राहते. किंवा खुणा पाठीवर केल्या जातात आणि भोक उलट्या बाजूला पडतं. म्हणून खुणा वरच्या बाजूलाच करा आणि भिंतीकडे टोक असलेला बाण काढा. त्याच मापाचा पुठ्ठा कापून जागेवर बसवून पाहिला, तर टाइल वाया जात नाही.

बारीक पाइपसाठी ड्रिलला होल सॉ लावा. हे नळकांड्यासारखं गोल पातं असतं. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. त्याच्या ठोक्यांनी टाइल फुटते. टाइल सपाट फळीवर ठेवा. गुळगुळीत पृष्ठभागावर पातं घसरतं, म्हणून सुरुवातीला ते थोडं तिरपं धरा आणि खाच पडली की हळूहळू उभं करा. स्पंजानं थेंब थेंब पाणी देत राहा. शेवटी जोर कमी करा, नाहीतर खालची कड उडते.

पाइप टाइलच्या कडेला येत असेल, तर अर्धगोल खाच लागते. ग्राइंडरनं खाचेच्या आत कडेपासून गोल रेषेपर्यंत बोटाबोटाच्या अंतरानं उभे काप घ्या. मधल्या पट्ट्या पकडीनं एकेक करून मोडा आणि उरलेले दात घासून गोलाई आणा. काप रेषेपलीकडे जाऊ देऊ नका. तिथूनच चीर सुरू होते. खाचेचे कोपरेही काटकोनात ठेवू नका. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसांना घातक असते. ग्राइंडर चालवताना खिडकी उघडी ठेवा, जमल्यास अंगणातच कापा.

पाइप वर छतापर्यंत गेला असेल, तर भोक पाडलेली टाइल वरून ओवता येत नाही. अशा वेळी आधी भोक पाडा आणि मग भोकाच्या मध्यातून टाइलचे सरळ दोन तुकडे करा. दोन्ही बाजूंनी ते पाइपला भिडवले, की सांधा नजरेत भरत नाही.

टाइल चिकटून वाळली, की पाइपभोवतीची फट सिलिकॉननं भरा. ते रबरासारखं लवचीक राहतं. पांढऱ्या सिमेंटला मात्र पाइप हलला की भेग पडते. वरून स्टीलची फ्लँज, म्हणजे गोल झाकणी, बसवली तर कापाची कडही झाकली जाते.

एक लक्षात ठेवा. टाइल कितीही सुबक कापली तरी खालच्या घरात होणारी गळती ती थांबवत नाही. ते काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगचं. तो थर पाइपच्या अंगावर चढवलेला आहे ना, हे टाइल चिकटवण्याआधीच बघून घ्या.