बोटं सुजली, मग छातीचा स्कॅन कशाला?

‘आईला आमवात आहे, बोटं सुजतात. थोडा कोरडा खोकला आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी छातीचा स्कॅन सांगितला, वर डोळेही तपासून घ्या म्हणाले. बिल फुगवायची ही युक्ती तर नव्हे?’ एका वाचकाचा प्रश्न. एरवी मीही अशी शंका घेतली असती, पण इथे डॉक्टरांचं बरोबर आहे.

घोळ नावाने घातलाय. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी आमवाताला ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिलं आणि आजार कायमचा सांध्यांच्या खाती जमा झाला.

त्याची खरी व्याप्ती दाखवणारा माझा आवडता किस्सा वेल्समधला. कार्डिफचे डॉ. अँथनी कॅप्लन कोळसा खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे बघत. धुळीने भरलेली फुफ्फुसं रोजचीच. काही फिल्म्सवर मात्र वेगळेच डाग होते: गोल, ठसठशीत, बरेचसे कडेला. ही माणसं आमवाताची निघाली! १९५३ साली कॅप्लननी हे प्रसिद्ध केलं. आमवाताच्या रुग्णांना कोपराजवळ कातडीखाली गाठी येतात, त्याच जातीच्या या गाठी. गंमत म्हणजे कधीकधी हे डाग आधी उमटतात आणि सांधे मागाहून सुजतात.

म्हणजे मूळ बिघाड सांध्यांत नव्हे, रोगप्रतिकारशक्तीत. तिने पेटवलेला दाह रक्तातून फिरतो. फुफ्फुसं चिवट होतात, डोळे कोरडे पडतात, क्वचित बुबुळाभोवतीचा पांढरा पडदा झिजतो. हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट होतो. हिमोग्लोबिन उतरतं, कारण शरीरात लोह असूनही ते कोठारात कुलूपबंद राहतं. (‘आमवात मुळासकट’ घालवणारी तेलं गुडघ्याला चोळून इथवर कशी पोचतात, हे जाहिरातवाल्यांनाच ठाऊक.)

मानेची गोष्ट तर फारच कमी लोकांना माहीत असते. पहिल्या दोन मणक्यांना जागेवर धरणारा बंध दाहाने सैल पडला की मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. भूल देताना श्वासनळीत नळी घालायची तर मान हलवावी लागते. म्हणून आमवाताच्या रुग्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असलं, तरी भूलतज्ज्ञ आधी मानेचा एक्स-रे मागू शकतात. फॉर्मवर आपण नुसतं ‘सांधेदुखी’ लिहिलं, तर त्यांना ते सुचायचंही नाही.