दहा वर्षे मुलांसमोर : कॉनी हक

मुलांना टीव्हीसमोर बसवून आपण स्वयंपाकघरात गेलो, की पडद्यावरची व्यक्ती तेवढा वेळ घरातलीच होते. ती मुलांशी कशी बोलते, याची चौकशी आपण आईबाप क्वचितच करतो. म्हणून या अंकात कॉनी हकची ओळख करून द्यावीशी वाटली.

बीबीसीवर १९५८ पासून 'ब्लू पीटर' हा मुलांचा कार्यक्रम चालू आहे. टाकाऊ डब्या-पुठ्ठ्यांपासून वस्तू करणे, पाळीव प्राणी, गरजूंसाठी मदत गोळा करणे, आणि चांगले पत्र किंवा चित्र पाठवणाऱ्या मुलाला जहाजाचा बिल्ला! डिसेंबर १९९७ मध्ये कॉनी त्यात आली आणि जानेवारी २००८ पर्यंत राहिली. एवढा काळ टिकलेली दुसरी स्त्री-निवेदक या कार्यक्रमात तोवर झाली नव्हती.

तिचे खरे नाव कनक आशा. कनक म्हणजे सोने. बंगालीत तेच, मराठीतही तेच. आई-वडील बांगलादेशी मुसलमान, जन्म लंडनचा, तीन बहिणींत ती धाकटी. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकली. एवढी तालीम घेतलेली मुलगी गोंद आणि पुठ्ठा घेऊन पोरांसमोर बसणार म्हटल्यावर आपल्याकडच्या खाला-मामूंनी काय काय ऐकवले असते, ते सांगायला नको. मोठी बहीण रूपा प्राध्यापक झाली, २०१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेली. आम्हाला मात्र धाकटीचे काम कमी मोलाचे वाटत नाही. 'हक' हे आडनाव लाखो गोऱ्या मुलांच्या तोंडी सहज बसले, तेही कुठलेही भाषण न देता.

या कार्यकाळाला एक डाग लागला, तोही सांगितला पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुलांच्या एका फोन-स्पर्धेत यंत्रणा बिघडली. तेव्हा स्टुडिओ पाहायला आलेल्या एका मुलीला फोनवरची स्पर्धक म्हणून बोलायला लावले गेले. पुढच्या मार्चमध्ये कार्यक्रमातच मुलांची माफी मागितली गेली. नियामक संस्थेने बीबीसीला ५० हजार पौंड दंड केला. काही महिन्यांनी आणखी एक गोष्ट उघड झाली. कार्यक्रमातल्या मांजरासाठी मुलांनी 'कुकी' हे नाव निवडले होते, पण ठेवले गेले 'सॉक्स'. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या मुलाने मत दिले, त्याच्याशी ती दगाबाजीच होती. भरपाई म्हणून दुसरे पिल्लू आणून त्याचे नाव कुकी ठेवले.

कार्यक्रम सोडल्यावर एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या रस्त्यावर ऑलिंपिकची मशाल नेताना एका निदर्शकाने ती तिच्या हातून हिसकावू पाहिली. मशाल तिने सोडली नाही.

२०१९ पासून ती मुलांसाठी पुस्तके लिहिते, चित्रेही स्वतःच काढते. नायिका बांगलादेशी घरातली, नऊ वर्षांची, प्रश्न विचारून घर डोक्यावर घेणारी. नाव कुकी.