मैदानाकडे पाठ करून

जर्मनीत, डॉर्टमुंडच्या वेस्टफालेनस्टाडिओन या फुटबॉलच्या मैदानावर दक्षिणेच्या गोलामागे एकच खडी चढण आहे. लीगच्या सामन्याला तिथे सुमारे 25,000 माणसं उभी असतात. उभ्या प्रेक्षकांचा एवढा मोठा स्टँड युरोपात दुसरा नाही. क्लबच्या रंगामुळे त्याचं नाव पडलं ‘पिवळी भिंत’. तिच्या पायथ्याशी, कुंपणालगतच्या मचाणावर एक जण मात्र मैदानाकडे पाठ करून उभा असतो. हा कापो. हातात मेगाफोन, जवळ ढोलवाले. सामना त्याला दिसतो तो बराचसा समोरच्या चेहऱ्यांवर.

भजनात बुवांनी ओळ उचलावी आणि टाळकऱ्यांनी झेलावी, तसंच हे काम. फक्त इथले टाळकरी सुमारे 100 मीटर रुंदीत पसरलेले. तेवढं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे एका टोकाची टाळी दुसऱ्या टोकाला पोचते तेव्हा ती शिळी झालेली असते. नुसतं ऐकून गायलं तर गाणं फाटतं. म्हणून मेगाफोनइतकेच कापोचे हात महत्त्वाचे. त्याने हात डोक्यावर नेले की टाळ्या कानाने नव्हे, डोळ्याने पडतात. चालीही तशाच लागतात: संथ, चार ओळींच्या, पहिल्यांदा आलेल्यालाही तिसऱ्या फेरीत येतील अशा.

ही पद्धत मूळची जर्मन नाही. 1990च्या दशकात इटलीतल्या कट्टर चाहत्यांच्या ‘अल्ट्रा’ गटांचं पाहून जर्मन पोरांनी कापो, ढोल, अवाढव्य झेंडे आणि अख्खा स्टँड झाकणारी चित्रं, म्हणजे ‘कोरिओ’, उचलली. त्याआधी बिल्ल्यांनी भरलेली डेनिम जाकिटं घातलेले जुने चाहते गायचे, पण सामन्याच्या कलाने: कॉर्नर मिळाला की ओरडायचं, चेंडू गेला की गप्प. अल्ट्रा तीन गोलांनी हरत असतानाही गातच राहतात. जुन्यांची कुरकुर अशी, की ही पोरं सामन्यासाठी नाही, स्वतःसाठी गातात. मला ती बरीचशी पटते. पण एप्रिल 2013मध्ये मालागाविरुद्ध दुर्बीण लावून हरवलेला युरोपीय चषक शोधणारा चित्रातला भलाथोरला चाहता स्टँडवर उभा राहिला, तोही याच पोरांच्या हातचा.

इंग्लंडमध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या विभागांतल्या मैदानांवर उभं राहणं बरीच वर्षं बंद होतं. जर्मन चाहत्यांनी भांडून ते टिकवलं, आणि उभ्याचं तिकीट स्वस्त असल्यामुळे विद्यार्थी नि कामगार गोलामागे राहिले. गाणारे तेच.

ही शिस्त किती पक्की आहे ते ती गप्प बसते तेव्हा कळतं. 2012च्या अखेरीस सुरक्षेच्या नावाखाली कडक नियम येणार होते. लीगचं मतदान 12 डिसेंबरला होतं. त्याआधीच्या सामन्यांत देशभरचे चाहते पहिली 12 मिनिटं 12 सेकंद तोंड मिटून उभे राहिले. खेळाडूंच्या हाका आणि बुटांचा आवाज टीव्हीवर स्पष्ट ऐकू आला. प्रस्ताव तरी मंजूर झालाच.

या ताकदीला दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी 2017मध्ये लाइपझिगविरुद्धच्या सामन्यात भिंतीवर शिवराळ फलक झळकले आणि बाहेर पाहुण्या चाहत्यांवर हल्ले झाले, त्यांत बायकामुलंही सापडली. शिक्षा म्हणून वोल्फ्सबुर्गविरुद्ध अख्खा दक्षिण स्टँड रिकामा ठेवावा लागला. फलक काहींचे, शिक्षा सगळ्यांना. मला यात अन्याय दिसत नाही. एका हाताच्या इशाऱ्यावर हजारो टाळ्या वाजतात असं अभिमानाने सांगायचं, तर त्याच स्टँडवरचे फलक परक्यांचे म्हणता येत नाहीत.

डिसेंबर 2023मध्ये लीगच्या प्रसारण-हक्कांच्या धंद्यात बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचं ठरलं. 36 पैकी 24 क्लब बाजूने, म्हणजे दोन तृतीयांशाला जेमतेम पुरतील एवढे. या वेळी चाहत्यांच्या विरोधाला नुसतं मौन पुरलं नाही. पुढचे कित्येक आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी पडत राहिली, ती वेचायला सामने थांबत राहिले. 21 फेब्रुवारी 2024 रोजी लीगने व्यवहार गुंडाळला.