सणावाराचा प्रवास आणि विमानातली वरची जागा

मनोरीहून आम्ही बोलतोय. आज विमानाच्या तिकिटाबद्दल बोलायचं म्हणजे काहीजणी म्हणतील, आम्हाला विमान कुठलं? पण आता घराघरात कोणीतरी आखातात, नाहीतर बंगळूरला आहे. लग्न, बाप्तिस्मा, बारसं निघालं की आईला, आत्याला बोलावणं येतंच. आमच्या गटातल्या एक मावशी नातवाच्या बाप्तिस्म्याला दुबईला निघाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

जायच्या चार दिवस आधी त्या गटाच्या बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, मला पाच हजार तातडीने उसने द्या. का, तर फोन आला होता. 'मावशी, तुमचा खास प्रसंग आहे, तुमचं तिकीट बिझनेस वर्गात टाकतो, फक्त फरक भरा.' बोलणाऱ्याला त्यांचं नाव, तारीख, विमान सगळं ठाऊक होतं, म्हणून मावशींचा विश्वास बसला. त्याला हे कळलं कसं? मावशींच्या भाच्याने कौतुकाने तिकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावला होता. तिकिटावरचा पीएनआर क्रमांक आणि आडनाव एवढं हाती लागलं, की कोणालाही ते बुकिंग उघडून बघता येतं. आम्ही तिकिटावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी असा कोणताही फोन केला नव्हता. गटाचे पाच हजार वाचले. मावशी मात्र हिरमुसल्या. त्यांच्या मनात ती रुंद खुर्ची बसली होती ना!

मग आम्हीच खोलात गेलो, की ही वरची जागा मिळते तरी कशी.

विमान कंपन्या पुष्कळदा जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण काहीजण ऐन वेळी येतच नाहीत. आपण नाही का, दीडशे माणसं येणार म्हणून दोनशे जणांना आमंत्रण देत? पण कधी सगळेच येतात. साधा वर्ग भरून वाहतो आणि पुढे बिझनेस वर्गात चार खुर्च्या रिकाम्या असतात. तेव्हा कोणाला तरी पुढे बसवावंच लागतं. ती माणसं निवडताना वारंवार प्रवास करणारे सभासद आणि महाग दराचं तिकीट घेतलेले, यांचा नंबर आधी लागतो. सर्वांत स्वस्त तिकीट काढलेल्या आजीचा नंबर शेवटी. 'माझ्या मुलीचं लग्न आहे' हे ऐकून काउंटरवरची मुलगी हसेल, अभिनंदन करेल, पण तिच्या हाती फार काही नसतं.

शिवाय पुष्कळ विमानांत एकच वर्ग असतो. तिथे वर जायला पायरीच नाही, मग मागून काय उपयोग? म्हणून आधी एवढंच विचारायचं, 'या विमानात दोन वर्ग आहेत का?' असतील तर पैसे भरून वर जायचे सरळ रस्ते असतात. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर दर दाखवतात. एअर इंडियासारख्या कंपनीत बोलीही लावता येते, म्हणजे आपण रक्कम सांगायची, मंजूर झाली तरच पैसे जातात. मात्र त्या फरकात इथल्या पाहुण्यांचं एक जेवण निघेल, हा हिशेब आधी घरी मांडावा.

फुकटात मिळण्यासारखं काय, तर बरी जागा. गुडघे दुखत असतील तर बाजूच्या वाटेलगतची खुर्ची मागावी. वेब चेक-इन सुरू होताच मुलांकडून करून घ्यावं, आणि विमानतळावर लवकर पोचावं. आम्हाला तर मनोरीच्या जेट्टीवरून बोटीने मार्वे, मग मालाड, असा पल्ला. हल्ली मालाड पश्चिमहून मेट्रोने डी. एन. नगर, तिथून मरोळ नाका आणि पुढच्याच स्टेशनला आंतरराष्ट्रीय टर्मिनल, असं जाता येतं. पण बॅगा घेऊन दोनदा गाडी बदलायची, तर सोबत एक तरुण हात हवाच.

आता हक्काचं ऐका, हे आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं. पैसे भरून वरचा वर्ग घेतला आणि कंपनीने खाली बसवलं, तर भरपाई मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा 2023 चा नियम आहे. देशातल्या प्रवासात तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत. परदेशी प्रवासात अंतराप्रमाणे: 1500 किलोमीटरपर्यंत 30 टक्के, 3500 पर्यंत 50, त्यापुढे 75. दुबई मधल्या टप्प्यात येते. आणि जास्त तिकिटं विकल्यामुळे चढूच दिलं नाही, तर? तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात जागा दिली, तर भरपाई नाही. त्याहून उशीर झाला तर आहे. 24 तासांच्या आतलं विमान दिलं तर जास्तीत जास्त 10 हजार, त्यानंतरचं दिलं तर 20 हजार रुपयांपर्यंत. रडत परत यायचं नाही, लेखी मागायचं.

आगगाडीत मात्र वरचा वर्ग खरोखर फुकट मिळू शकतो. रेल्वेने 2006 पासून ही सोय ठेवली आहे. तिकीट काढताना अर्जावर 'अपग्रेड' ला होकार द्यायचा, म्हणजे वरच्या वर्गात जागा उरल्या तर चार्ट बनताना आपोआप नंबर लागू शकतो. पूर्ण भाडं भरलेलं असावं लागतं. पीएनआर तोच राहतो. वेलंकणीला निघणाऱ्या आमच्या बायका आता हा चौकोन विसरत नाहीत.

मावशी शेवटी साध्याच वर्गातून गेल्या. काउंटरवर त्यांनी नातवाच्या बाप्तिस्म्याचं सांगितलंच, आणि त्यांना पुढच्या रांगेतली, वाटेलगतची खुर्ची मिळाली. बॉटल मसाल्याची बाटली प्लॅस्टिकमध्ये तीनदा गुंडाळून मोठ्या बॅगेत गेली. सुकं खोबरं आम्ही काढून ठेवायला लावलं, कारण ते तेलकट, पेट घेणारं म्हणून तपासणीत अडवतात. तिकिटाचा फोटो भाच्याने स्टेटसवरून काढला, आणि आता गटात कोणी परगावी निघालं की आम्ही तिला आधी तेच विचारतो.